नापास दूध

पुणे, ६ जून २००१

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

प्रत्येक लग्नात तुम्ही मला चारचौघांत विचारता, "तेजे, तुझी ती संस्था करती तरी काय?" आणि मी लाडू खात असल्याने उत्तर राहून जातं. आज सविस्तर सांगते.

आमचे शास्त्रज्ञ शोध लावतात. शोध लागला की त्याचा निबंध छापतात, पेढे वाटतात आणि तो कपाटात ठेवतात. तिथून तो काढून बाहेरच्या कुणाला तरी वापरायला द्यायचा, त्याचा परवाना करायचा, हे आमच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाचं काम. कक्ष म्हणजे मी, एक टंकलेखक आणि एक पंखा. थोडक्यात आम्ही वधूवर सूचक मंडळ आहोत. मुली शिकलेल्या, गुणी, पण स्थळं येत नाहीत.

सध्या आमच्याकडे चांगदेव सरांची एक पट्टी आहे. दुधात पाणी घातलं की ते पातळ होतं, आणि तो पातळपणा लपवायला लोक त्यात युरिया घालतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. ही कागदाची पिवळी पट्टी दुधात बुडवायची. युरिया जास्त असेल तर ती लाल होते. शाळेतलं पोरही करू शकेल.

मामा, माझी नोकरी अजून कच्ची आहे. दोन वर्षांत एक तरी शोध बाजारात गेला तर मी कायम होणार, नाही तर न्हावऱ्याला येऊन तुमच्या डोक्यावर बसणार. तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन. या मुलीला तुमच्यापेक्षा चांगलं घर कुठलं?

मामींना आणि वहिनींना नमस्कार. वहिनींना आता चिंच चालते का?

तुमची तेजश्री

न्हावरे, २० जून २००१

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. फोन केला असता, पण डेअरीतल्या फोनवर मी 'हॅलो' म्हटलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं बोलायची थांबतात. म्हणून लिहितो.

आपल्या सोसायटीत दुधात पाणी घालणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरीही भाचीचं काम म्हणून स्थळ पसंत आहे. पण काही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात, नंतर रुसवेफुगवे नकोत.

मुलगी एकदा दिली की दिलीच ना? म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत ही पट्टी आमच्याशिवाय कुणाला मिळणार नाही ना? सरकारी माणूस, खासगी डेअरीवाला, कुणाच्याही हाती लागणार नाही? तसं कागदावर पक्कं करून देत असाल तर मी पुढच्या रविवारी येतो. तसं नसेल तर मला कामं आहेत.

पट्टी करायचं यंत्रही आमच्याकडेच द्या. आमचा पप्पू नाही तरी रिकामाच आहे. त्याला मॅनेजिंग डायरेक्टर करू, म्हणजे त्याच्या सासऱ्यालाही सांगायला काही तरी होईल.

तुझ्या मामीचं म्हणणं, चिंच चालते, आवळे जास्त चालतात.

तुझा मारुतीमामा

पुणे, ३ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

बाळाच्या बारशाला तुम्ही सगळ्यांसमोर मला 'आमची सायंटिस' म्हणालात, तेव्हा फार बरं वाटलं. मी शास्त्रज्ञ नाही, हे सांगायचं मी मुद्दामच टाळलं.

तुम्ही परवाना एकट्यासाठी मागितलात तेव्हा आमचे संचालक खूश झाले होते. म्हणाले, ग्रामीण भागात अशी व्यापारी दृष्टी दुर्मीळ. दसऱ्याला करार झाला, फेटे बांधले, फोटो निघाले. त्या गोष्टीला आता तीन महिने होऊन गेले आणि तुमच्याकडून एकाही पट्टीचा हिशेब आलेला नाही. दर सोमवारी संचालक विचारतात, "न्हावरे काय म्हणतंय?" मी म्हणते, "थंडी आहे." अजून किती सोमवार थंडी पाडू?

आणि मामा, करारातलं नववं कलम तुम्ही वाचलं आहे ना? एका वर्षात पट्टी लोकांपर्यंत गेली नाही तर परवाना परत घेऊन दुसऱ्याला द्यायचा. दौंडच्या एका खासगी डेअरीचा अर्ज आमच्याकडे पडूनच आहे. ते लोक तर न्हावऱ्याच्या चौकात टेबल मांडून फुकट तपासणी करायला तयार आहेत.

काही अडचण असेल तर मोकळेपणाने लिहा.

तुमची तेजश्री

न्हावरे, १७ फेब्रुवारी २००२

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

नववं कलम कुणी वाचतं का? सही कुठे करायची तेवढं दाखवलंस, तेवढी केली. भाचीवर भरवसा ठेवावा की नाही?

पट्टीची आबाळ चाललीय असं समजू नकोस. तिच्यासाठी मी गोठा मोकळा केला. पाचही गाई विकल्या, खाली पांढरी फरशी बसवली, यंत्र मांडलं, दिवाळीच्या पाडव्याला त्याची पूजा केली, हार घातला. तो हार अजून तसाच आहे. खोलीची किल्ली माझ्या करगोट्याला असते. एखाद्या सुनेलासुद्धा इतकं कुणी जपत नाही.

आता मोकळेपणाने लिही म्हणतेस तर लिहितो, पण हा कागद वाचून फाड. सगळ्यांचं दूध पट्टीला लावलं तर येत्या निवडणुकीत मला मत द्यायला एकटी सोजरबाई उरेल. इथल्या शाळेत तुझ्या वर्गात होता त्या सम्राटची आई. ना शेत ना बांध, एक म्हैस आणि ती. पण बाई सरळ इतकी की अंगावर येते. मागे मी पशुसंवर्धनाचं शिबिर भरवलं होतं. कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडून तो झाकून मुरवला की निकस चाराही जनावराला लागू पडतो, असं साहेबांनी शिकवलं. सगळं गाव भजी खाऊन गेलं. ही एकटी भजी न खाता शिकून गेली आणि त्याच चाऱ्यावर म्हैस सांभाळते.

दौंडवाल्यांचं टेबल आपल्या चौकात? माझ्या जिवंतपणी नाही.

म्हणून असं ठरवलंय. उद्यापासून यंत्र सुरू. पण डेअरीच्या दारात दहा माणसांत पट्टी लाल होऊन कुणाची अब्रू जायला नको. प्रत्येक सभासदाने पट्टीचं पाकीट घरी न्यायचं, आपलं दूध घरीच तपासायचं, आणि मग आणायचं. डेअरीत आम्हीही एकदा बुडवू, नावाला. कशी वाटली योजना?

तुझा मारुतीमामा

पुणे, ९ ऑगस्ट २००२

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

मामा, तुम्ही कमाल केलीत! पट्ट्यांचा खप वाचून संचालकांनी मला बोलावून चहा पाजला. या संस्थेत कच्च्या नोकरीतल्या माणसाला चहा मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. एकेका घरात दिवसाला चार-चार पट्ट्या! चांगदेव सर तर हळवेच झाले. म्हणाले, "लोकांना शुद्धतेची एवढी चाड असेल असं मला वाटलं नव्हतं."

आणि तुमच्या डेअरीतले निकाल! सगळं गाव पिवळं. सरांनी आलेख काढून भिंतीवर लावलाय. सगळ्यांचं दूध मर्यादेच्या अगदी खाली, एका ओळीत उभं. इतकी शिस्त त्यांना प्रयोगशाळेतसुद्धा मिळाली नव्हती म्हणे.

माझा कायम होण्याचा आदेश दिवाळीपूर्वी निघणार. सगळ्यात आधी तुमच्या पाया पडायला येईन. एक पट्टी मात्र रोज लाल येते, असं तुमच्या तक्त्यात दिसलं. नाव लिहिलेलं नाही. असेल कुणी तरी जुनं खोड. एवढ्या गावात एक असायचाच.

तुमची तेजश्री

रेल्वे क्वार्टर्स, दौंड, १ सप्टेंबर २००२

माननीय अधिकारी, तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष यांस,

सप्रेम जय भीम.

वर्गात आपल्याला 'ए तेजे' म्हणत होतो, पण हे पत्र कक्षाला आहे, म्हणून 'आपण' म्हणतो.

मी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आहे. माझी आई सोजरबाई न्हावऱ्याच्या सोसायटीत दूध घालते. आपल्या संस्थेची पट्टी तिच्या दुधात रोज लाल होते. ती दुधात युरिया घालत नाही आणि पाणीही घालत नाही, हे आपल्याला पटवण्यासाठी माझ्याकडे तिच्या शब्दाशिवाय काही नाही.

गावात पट्टी कशी वापरतात ते मी सुट्टीत गेलो तेव्हा पाहिलं. दुधात पाणी आणि युरिया थोडा थोडा घालत जायचं, दरवेळी पट्टी बुडवायची. रंग पालटायला लागला की थांबायचं आणि अंमळ दूध ओतायचं. मग पिवळं दूध घेऊन डेअरीत जायचं. पट्टी नव्हती तेव्हा लोक अंदाजाने घालत आणि भीत भीत कमी घालत. आता कुणाला भीती राहिलेली नाही.

नापास दुधासाठी चेअरमनसाहेबांनी वेगळा कॅन केलाय. त्याला लाल पट्टा रंगवलाय. त्यात एकट्या माझ्या आईचं दूध पडतं, आणि सगळे गेले की ती ते परत घरी आणते. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर तिचं सभासदत्व रद्द होणार आहे. म्हैस ठेवून मग ती करणार काय?

सोसायटी निघाली तेव्हा मी लहान होतो. पहिल्या दिवशी दूध घालून आल्यावर आई ओट्यावर बसून हसत होती. म्हणाली, "आपलं दूध आन् चेअरमनचं दूध एका कॅनमधी पडलं. आता येगळं करून दावा म्हणावं!" तेव्हा आमच्या घरचं पाणीसुद्धा गावात कुणी घेत नव्हतं.

आता वेगळं करून दाखवलंय.

मेहरबानी नको. पट्टी बरोबर असेल तर तसं लिहून द्या, चुकीची असेल तर तसं लिहून द्या.

आपला,
सम्राट

पुणे, १४ सप्टेंबर २००२

मामा,

सम्राटच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. आधी ती वाचा, मग हे.

वाचलंत? मी तीन वेळा वाचलं. शुद्धतेची चाड म्हणे! त्या आलेखाखाली उभं राहून मी फोटो काढून घेतलाय, तो आता कुठे लपवू?

चांगदेव सरांना मी विचारलं, युरियाने मुरवलेला कडबा खाल्ला तर म्हशीच्या दुधात युरिया वाढतो का? ते म्हणाले, "अर्थातच. थोडा वाढतो. पिणाऱ्याला काही अपाय नाही. माहितीपत्रकात तळटीप आहे ना, अशा जनावराचं दूध लाल आलं तरी नापास करू नये." मी तुमचं पाकीट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. आम्ही दिलेल्या मजकुरात तळटीप होती. तुमच्या पाकिटावर त्या जागी पप्पूदादाचा फोटो आहे. टाय लावलेला.

मामा, शिबिर तुम्ही भरवलंत. चारा कसा मुरवायचा ते तिला तुमच्याच मांडवात शिकवलं. ती तेवढं शिकली म्हणून नापास. आणि तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तुम्हीच मला लिहिलं होतंत की मत द्यायला एकटी सोजरबाई उरेल.

तो कॅन आजच्या आज काढा. तळटीप छापा. नाही तर मला हे वर कळवावं लागेल.

तेजश्री

न्हावरे, २४ सप्टेंबर २००२

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

पत्रात नमस्कार नव्हता, तो पोचला असं समजतो.

तुझा राग बरोबर आहे, पण राजकारण तुला कळत नाही. कॅन काढला तर लोक विचारणार, एकीला सूट का? मग मी सांगणार, तिचं दूध खरं आहे. मग ते विचारणार, म्हणजे आमचं खोटं? या प्रश्नाला उत्तर देऊन कुणी चेअरमन राहिलेला मी पाहिला नाही. पप्पूचा फोटो काढला तर घरात वेगळंच. त्याच्या सासऱ्याने ते पाकीट फ्रेम करून लावलंय.

तरी तुझ्या शब्दाखातर मी मार्ग काढला. गावची गोष्ट गावच्या अकलेनेच सुटते. काल डेअरीत गर्दी सरल्यावर सोजरबाईला बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं, "बाई, तुझ्या दुधात अंगचाच युरिया हाय. त्यात रोज एक तांब्या पाणी घालीत जा. युरिया पातळ व्हईल, पट्टी पिवळी ऱ्हाईल, आन् तू पास. लॅक्टोमीटरचं मी बघून घेतो."

यात कुणाचं नुकसान होतं का, तूच सांग. पण ती बाई कसली ऐकते! म्हणाली, "चेअरमन, समदं गाव पाणी घालून पास झालं. मी बिनपाण्याची नापास हाय, तेच बरं." आणि तो लाल पट्ट्याचा कॅन उचलून गेली. आपल्या हाताने आपलं नुकसान करून घेणाऱ्याला कोण काय करणार!

माझं एवढं ऐक. दिवाळीपर्यंत गप्प राहा. तुझा आदेश निघू दे, माझी निवडणूक होऊ दे, मग बघू.

तुझा मारुतीमामा

पुणे, ५ ऑक्टोबर २००२

तीर्थरूप मामांस नमस्कार. हा घ्या, मागच्या पत्रातलाही यातच धरा.

एका तांब्याची गोष्ट वाचून मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. खरं दूध खोटं केल्याशिवाय पास होत नाही, अशी पट्टी आम्ही गावाला दिली आणि वर माझी पाठ थोपटून घेतली.

मी सगळा अहवाल लिहून वर दिला. समितीने वाचला आणि शेरा मारला, "वापरकर्त्यांनी तंत्रज्ञान पूर्णपणे आत्मसात केल्याचे उत्तम उदाहरण." संचालकांनी मला आत बोलावलं. या वेळी चहा नव्हता. म्हणाले, "अहवाल मागे घ्या, तुमचा आदेश सहीला ठेवलाय." मी म्हटलं, अहवाल राहू द्या, आदेशाचं नंतर बघा. आता तो निघेल असं वाटत नाही. तुमच्या डोक्यावर बसायला जागा करून ठेवा.

सम्राटने मागितलेला कागद मी माझ्या सहीने त्याला पाठवलाय. सोजरबाईंच्या दुधात भेसळ नाही, पट्टीचा निकाल त्यांना लागू होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

दिवाळीपर्यंत गप्प राहणं मला जमलं नाही. रागावलात तरी चालेल.

तुमची तेजश्री

न्हावरे, २१ नोव्हेंबर २००२

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. रागावलोही होतो, लिहिण्यासारखं काही नव्हतंही. आता आहे.

नातू वर्षाचा झाला. अंग धरत नव्हता म्हणून शिरूरला दाखवला. डॉक्टर म्हणाला, दूध चांगलं द्या, पाण्याचं नको. गोठ्यात गाई होत्या तिथे आता पांढरी फरशी. घरात दूध येतं ते डेअरीतूनच. मी मामीला म्हटलं, आपल्या डेअरीचं सगळं दूध पास आहे. तर तुझी मामी, जिने तीस वर्षांत माझ्यापुढे आवाज चढवला नाही, ती म्हणाली, "समद्या गावाच्या पट्ट्या पिवळ्या, लाल एकच. मग बिनपाण्याचं दूध कुणाचं, हे कळाया सायंटिस लागतो व्हय?"

आणि चरवी घेऊन निघाली. दिवसाढवळ्या, वेशीतून, डोक्यावर पदर घेऊन सोजरबाईच्या दारात. आमच्या घराण्यातली चरवी त्या दारात कधी गेली नव्हती. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर माणूस होतं.

सोजरबाईने मामीला बसायला दिलं आणि सांगितलं, "दगडाबाई, लेकराला दूध देते, पैसं नकोत. पर उद्यापासनं. आधी उद्या माझं दूध डेअरीतल्या समद्यांच्या कॅनमधी पडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. दौंडहून सम्राटही आला होता, तुझा कागद घेऊन. त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मला हायसं वाटलं. म्हटलं, झालं, सहीचा पक्का कागद आहे, आता ओत बाई. ती हलेना. म्हणाली, "कागदानं येगळं केलेलं कागदानं एक व्हत न्हाई. चेअरमन, तुमच्या हातानं वता."

तेजे, मागे माणसं कुजबुजत होती. कुणी तरी म्हणालं, "लाल दूध आमच्यात मिसळलं तर आमचं पास दूध नापास व्हईल." निवडणूक आठ दिवसांवर. मी सोजरबाईकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या तुझ्या मामीकडे बघितलं, तिच्या कडेवर ते काडीसारखं पोर. भांडं उचललं आणि ओतलं. थोडं सांडलंही. सांडलेलं सोजरबाईने पदराने पुसलं आणि गेली. तो लाल पट्ट्याचा कॅन मी त्याच दिवशी भंगारात दिला.

निवडणूक हरलो. तुला वाईट वाटेल म्हणून सांगतो, थोड्या मतांनी. नवा चेअरमन म्हणतो, पट्टी बंद. तुझ्या सांगण्याप्रमाणे पाकिटावर तळटीप छापली होती, पप्पूचा फोटो काढून. पप्पू रुसलाय, आणि पाकीट आता कुणी घेत नाही. नवव्या कलमाचं काय करायचं ते तुम्ही बघा. गोठ्याची फरशी उखडून मी दोन गाई बांधणार आहे. तुझी नोकरी गेलीच तर धारा काढायला ये. डोक्यावर बसण्यापेक्षा ते बरं.

शेवटचा हिशेब तेवढा कळवतो. आता पट्ट्या वापरणारं घर एकच, आमचं. सोजरबाईची अट आहे, रोज तिच्या दारातच पट्टी बुडवायची, लाल झाली तरच दूध न्यायचं. मामी रोज सकाळी जाते, बुडवते, लाल झालेली बघते आणि चरवी भरून आणते. पोर आता धरून उभं राहतं.

तुझ्या संचालकांना माझ्या नावाने कळव, पट्टी बरोबर चालते.

तुझा मारुतीमामा